सर्वो मोटरची शिलाई मशीन आणि घरचे गोधडीकाम : तिन्ही ऋतूंच्या वापरानंतर

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी घरूनच गोधड्या आणि बाळांची दुपटी शिवून विकते. आधी हे काम पायमशीनवर चालत असे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी टेबलासह सर्वो मोटरची एकसुई मशीन घेतली आणि तेव्हापासून तिन्ही ऋतूंत ती सतत वापरली आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच रचनेच्या मशिनी अनेक कंपन्या विकतात आणि मला सांगायचे आहे ते रचनेबद्दल. सासू-सासरे, मुले आणि धंदा ज्या बाईच्या एकाच छपराखाली नांदतात, तिने अशी मशीन घ्यावी की नाही, एवढाच प्रश्न लिहिताना डोळ्यांपुढे ठेवला आहे.

दुकानात गेल्यावर पहिली स्तुती ऐकू येते ती वेगाची. मिनिटाला पाच हजार टाके पडतात, असे अशा मशिनींबद्दल सांगितले जाते आणि कारखान्यात शर्ट शिवणाऱ्याला तो वेग उपयोगी असेलही. मी मात्र मोटरच्या पेटीवरच्या बटणाने वेगाची मर्यादा दीड हजारांच्या आत बांधून ठेवली आहे, कारण जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर हातांनी सारखे करत पुढे सरकवायचे असतील तर त्याहून अधिक वेग कापडालाही सोसत नाही आणि हातांनाही. घरात काम करणारीच्या दृष्टीने या मशीनचा खरा गुण म्हणजे ती हव्या त्या टाक्याला थांबते. जुन्या पद्धतीची क्लच मोटर बटण दाबल्यापासून ते बंद करेपर्यंत, शिवण चालू असो वा नसो, घरघर करत फिरतच राहते. सर्वो मोटर पाय दाबला की फिरते आणि उचलला की गप्प होते. माझ्या मशीनला सुई खाली ठेवून थांबण्याचीही सोय आहे, त्यामुळे चुलीवरचे दूध पाहायला किंवा दारात आलेल्या माणसाशी बोलायला उठले तरी जड गोधडी सुईच्या आधाराने जागच्या जागी राहते आणि परतल्यावर शिवण त्याच टाक्यापासून पुढे सुरू होते. दिवसातून कितीतरी वेळा उठावे लागणाऱ्या कामात या एका सोयीने जो वेळ वाचतो, तो पाच हजार टाक्यांच्या वेगाने कधीच वाचला नसता.

आवाजाचेही तसेच आहे. आमच्या घरी मशीन छपरीत आहे आणि माजघरात धाकटा मुलगा दुपारी झोपतो. मधली भिंत मातीची आहे. पायमशीनच्या पट्ट्याचा आणि पायट्याचा खडखडाट त्याला उठवत असे, म्हणून ती दुपार वायाच जायची. आता त्याची झोप आणि माझी शिवण एकाच वेळी होते. घरच्या धंद्यात दुपारचे हे सलग दोन तास किती मोलाचे असतात, हे ज्या बायका असे काम करतात त्यांना वेगळे सांगायला नको.

आता शिवणीबद्दल, कारण इथे खरेदीआधी नीट समजून घेण्यासारखे बरेच आहे. ही साधी सरळ टाक्याची मशीन आहे. तिचे दाते फक्त खालचे कापड पुढे ओढतात, वरचा थर दाबपट्टीखाली घासत मागे राहतो आणि थर जास्त झाले की शेवटी वरच्या कापडाला सुरकुत्या पडतात. यावर उपाय म्हणजे सगळे थर जमिनीवर पसरून, ताणून, वीतभर अंतरावर कच्चे टाके घालणे, दाबपट्टीचा दाब कमी करणे, टाका चार मिलिमीटरपर्यंत लांब ठेवणे आणि शिवण गोधडीच्या मध्यापासून सुरू करून कडेकडे नेणे. सुई १८ नंबरची लागते. दुपट्यासाठी १४ किंवा १६ पुरते. मोठी गोधडी मशीनच्या हाताखाली मावत नाही, म्हणून उजवीकडचा भाग सुरळी करून आत सरकवावा लागतो आणि डावीकडचे वजन तोलायला टेबलाशेजारी बाज लावून घ्यावी लागते. वरचा आणि खालचा असे दोन्ही थर एकदम ओढणाऱ्या मशिनी वेगळ्या मिळतात आणि जाड कामाला त्याच योग्य, पण त्यांची किंमत बरीच जास्त आहे. ज्यांना फक्त जाड गोधड्या आणि त्याही पूर्णपणे मशीनवर शिवायच्या आहेत, त्यांनी ही मशीन घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्याकडे काम वाटून घेतले आहे. ठिगळे जोडणे, किनार लावणे आणि दुपटी पूर्ण शिवणे हे मशीनवर होते, तर मोठ्या गोधडीचा मधला भाग सासूबाई आणि शेजारच्या दोन काकू हाताने धावदोरा घालून भरतात. मशीनचा टाका दाट आणि घट्ट बसतो, त्यामुळे गोधडी टिकते खरी, पण अंगाला थोडी कडक लागते. हातच्या टाक्याची गोधडी पहिल्या धुण्यापासूनच मऊ असते आणि आईचे लुगडे घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला तीच हवी असते. सासूबाईंचा हात अजूनही सरळ चालतो. त्यांच्या कामाचे पैसे मी त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करते आणि याबाबत माझे म्हणणे ठाम आहे: घरातल्या माणसाच्या कामाला मदत म्हणून सोडून दिले, की गोधडीची किंमत चुकीची ठरते आणि पुढे मनेही दुखावतात. मशीन आल्यामुळे त्यांचे काम कमी झालेले नाही. उलट जोडलेला पृष्ठभाग तयार मिळत असल्याने त्यांचा डोळ्यांना ताण देणारा भाग तेवढा सुटला.

आमच्या जिल्ह्यात राहून आणखी एक गोष्ट मनात येते. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ मध्ये, म्हणजे सेवाग्रामला येण्याच्या बारा वर्षे आधी, शिलाई मशीनला अपवाद मानले होते. पत्नीला हाताने शिवताना होणारे कष्ट पाहून सिंगर यांनी ते यंत्र घडवले, असे कारण त्यांनी दिले होते. ते कारण मला फार जवळचे वाटते आणि म्हणूनच मशीनने वाचवलेला सगळा वेळ नव्या ऑर्डरींना द्यायचा नाही, असे आम्ही घरात बोलून ठरवले आहे. संध्याकाळी दिवे लागले की मशीनवर आच्छादन पडते, कारण ती वेळ मुलींच्या अभ्यासाची आहे. सोयाबीनची सवंगणी आणि त्यानंतर कापसाची वेचणी सुरू झाली की मलाही वावरात जावे लागते. त्या दिवसांत मी नवे काम घेत नाही आणि गिऱ्हाइकांना दसऱ्याआधीच तसे कळवते. नेमका तेव्हाच थंडीमुळे गोधडीला उठाव असतो, म्हणून साध्या गोधड्या पावसाळ्यात शिवून ठेवाव्या लागतात. मशीन घेतल्याचा सर्वांत मोठा फायदा हाच, की हा साठा आता वेळेत तयार होतो.

विजेचा प्रश्न मात्र मशीन सोडवत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी विजेचा दाब (व्होल्टेज) उतरला की मोटरची पेटी चूक दाखवून बंद पडते आणि दाब पूर्ववत होईपर्यंत चालत नाही. पावसाळ्यापूर्वीच्या वादळात वीज गेली तर काही वेळा दुसऱ्या दिवसापर्यंत येत नाही. त्यासाठी जुनी पायमशीन विकलेली नाही आणि नव्याने घेणाऱ्यांनीही ती विकू नये. तीन पिनांची, अर्थिंग असलेली जोडणी अगोदर करून घ्यावी. टिनाच्या छपरीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की दुपारी बसणे अशक्य होते, म्हणून ते काम पहाटे होते, आणि पुन्हा तिथेही मोटरचा शांतपणा कामी येतो.

लहान मूल असलेल्या घरासाठी एक इशारा. पायटा टेबलाखाली मुलाच्या हाताच्या उंचीवर असतो आणि बटण चालू राहिले तर नुसते दाबले तरी सुई धावते. बोटे सुईखाली जाऊ नयेत म्हणून मी सुईला अडसर बसवून घेतला आहे आणि उठताना टेबलावरचे बटण बंद करते, लांब जायचे असेल तर भिंतीवरचेही.

टेबल, स्टँड आणि मोटर मिळून मशीन मला पंचवीस हजारांच्या आसपास पडली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत ज्या १८ व्यवसायांचा समावेश आहे त्यांत शिंपीकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिले एक लाखाचे कर्ज तिच्यात मिळू शकते. बचत गटाचे कर्ज हा दुसरा मार्ग आहे आणि मी तोच घेतला, कारण हप्त्याची तारीख गटात बोलून ठरवता आली.

देखभाल सोपी आहे, पण ती चुकवता येत नाही. जुन्या सुती कापडाची धूळ दात्यांखाली इतकी साचते की दर दोन-तीन दिवसांनी वरची पाटी काढून ब्रशने साफ करावी लागते. मशीनच्या पोटातले तेल ठरलेल्या रेषेपर्यंत हवे. तेल भरल्यावर आधी चिंधीवर शिवून पाहावे, नाहीतर पांढऱ्या धोतरावर डाग उमटतो. सुई आणि बॉबीन घरगुती मशीनपेक्षा वेगळी असतात: या सुईचा दांडा गोल असतो आणि गावातल्या दुकानात मिळते ती एका बाजूने चपटी असलेली सुई इथे बसत नाही. म्हणून कापडासाठी नागपूरच्या गांधीबागेत जाणे होते तेव्हाच सुयांची पाकिटे, जादा बॉबीन केस आणि मोठी रिळे आणून ठेवते. हिंगणघाटला दुरुस्ती करणारे आहेत, मात्र मोटरची पेटी बिघडली तर ती नागपूरलाच न्यावी लागते, त्यामुळे खरेदीच्या वेळी पेटीची हमी किती काळाची आहे ते पावतीवर लिहून घ्यावे.