आकडा फोडून सांगणारे बॅटरीचे दुकान

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावात फवारणी पंपाच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकणारे एक लहानसे दुकान आहे. कपाशीवरच्या फवारण्या सुरू झाल्या की तेथे सकाळपासूनच पंप घेऊन आलेल्या शेतकऱ्यांची गर्दी असते. माल इतरत्रही मिळतो आणि भावातही फारसा फरक नाही. परंतु बॅटरीवरचा आकडा ग्राहकाला नीट फोडून सांगणारे दुकान मला या भागात हे एकच आढळले, आणि मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवीत असल्यामुळे या गोष्टीचे मोल मला विशेष वाटते.

बॅटरीत किती विद्युतप्रभार मावतो, हे पंपाच्या बॅटरीवर अँपिअर-तासात लिहिलेले असते, तर मोबाइल आणि पॉवर बँकवर मिलिअँपिअर-तासात, म्हणजे ज्याला सगळे ‘एमएएच’ म्हणतात त्यात. दुसरे एकक पहिल्याचा हजारावा भाग असल्याने १२ अँपिअर-तास आणि १२,००० एमएएच यांत तसूभरही फरक नाही. असे असताना एका दुकानात मला ‘बारा हजारवाली’ बॅटरी ‘बारावाली’पेक्षा मोठी आहे, असे ठामपणे सांगण्यात आले होते. शाळा सोडून वर्षे लोटलेल्या शेतकऱ्याने तेथे काय करावे?

या दुकानाचे मालक मात्र गल्ल्याशेजारी एक पुठ्ठा ठेवतात आणि ग्राहकाने विचारलेल्या सगळ्या बॅटऱ्या आधी एकाच एककात लिहून काढतात. ‘भाऊ, त्या आकड्याले पहिले हजारानं भागा, मंग आपण बोलू,’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. त्यानंतर ते व्होल्ट विचारतात, आणि खरी उकल तेथेच होते. २०,००० एमएएचची पॉवर बँक २० अँपिअर-तासांची ठरते आणि ८ अँपिअर-तासांच्या पंपाच्या बॅटरीपेक्षा ती अडीचपट भासते. परंतु तिचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, पंपाची बॅटरी १२ व्होल्टची असते. गुणाकार केला की पॉवर बँकेत ७४ वॅट-तास आणि पंपाच्या बॅटरीत ९६ वॅट-तास ऊर्जा निघते. हा हिशेब पुठ्ठ्यावर मांडलेला पाहताना ग्राहकाच्या चेहऱ्यावरचा संशय हळूहळू मावळताना मी पाहिला आहे.

बॅटरीच्या अंगावर ‘१२ व्ही ८ एएच / २० एचआर’ असे कोरलेले असते. त्यातल्या शेवटच्या आकड्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण मालक त्यावर बोट ठेवून त्याचा अर्थ सांगतात: ही क्षमता २० तासांत सावकाश उतरवल्यास मिळणारी आहे, म्हणजे ०.४ अँपिअरने. पंपाची मोटर २ अँपिअर ओढत असेल, तर कागदावर चार तास निघतात, शेतात त्याहून कमीच मिळतात. विक्रीपूर्वी एवढे स्पष्ट बोलणारा विक्रेता विरळा.

बारावीच्या विद्यार्थ्यांना मी मुद्दाम येथे जायला सांगतो. ती मुले कूलोमच्या नियमाची उदाहरणे मायक्रोकूलोम आणि नॅनोकूलोम या प्रभाराच्या लहान एककांत सोडवतात, पण घरातल्या पंपाची बॅटरी त्याच राशीत मोजली जाते, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. एक अँपिअर म्हणजे सेकंदाला एक कूलोम आणि तासाचे सेकंद ३,६००. म्हणून ८ अँपिअर-तास म्हणजे २८,८०० कूलोम, आणि मायक्रोकूलोममध्ये, म्हणजे कूलोमच्या दहा लाखाव्या भागात, २.८८ × १०¹⁰. एकक लहान केले की आकडा मोठा व्हायला हवा, हे ध्यानात ठेवले तर भागायचे की गुणायचे हा मुलांचा नेहमीचा घोळ उरत नाही. इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६०२ × १०⁻¹⁹ कूलोम धरला, तर तेवढ्या प्रभारासाठी सुमारे १.८ × १०²³ इलेक्ट्रॉन लागतात. परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबलवरच भागवावे लागते. त्यामुळे दहाच्या घातांवर हात बसवायला ही उदाहरणे फार उपयोगी पडतात.

दोन उणिवा सांगणे आवश्यक आहे. पावतीवर ‘८ अँपिअर बॅटरी’ असे लिहिले जाते, तास गाळला जातो. अँपिअर हे प्रवाहाचे एकक आहे, आणि चार्जरवर ‘१.७ अँपिअर’ पाहिले की ग्राहक या दोन आकड्यांची तुलना करू लागतो. हमीचा वाद उद्भवल्यास अशी पावती अपुरी पडेल. दुसरे असे की भिंतीवरच्या छापील तक्त्यात ‘एमएएच’मधला पहिला एम मोठ्या लिपीत आहे. लहान एम म्हणजे हजारावा भाग, मोठा एम म्हणजे दहा लाख पट. दोहोंत १०⁹ पटींचे अंतर पडते. पुठ्ठ्यावर इतके काटेकोर असणाऱ्या दुकानात हा तक्ता तसाच राहावा, हे मला खटकते, आणि तो बदलावा अशी विनंती मी मालकांना केली आहे.

जुनी बॅटरी दिल्यास तिची किंमत वजा होते आणि नवी बॅटरी भार लावून, व्होल्ट दाखवूनच हातात दिली जाते. बाजाराच्या दिवशी मात्र हिशेब समजून घेण्याइतकी फुरसत कोणालाच नसते, तेव्हा शक्यतो दुसऱ्या दिवशी जावे आणि जाताना घरच्या पंपाच्या बॅटरीवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून न्यावा.