मॅनिक मायनर की जेट सेट विली: आधी कुठला?

झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकावरचा छळवादी प्लॅटफॉर्म गेम म्हटला की मॅथ्यू स्मिथची ही दोन नावं टळत नाहीत. १९८३चा मॅनिक मायनर, १९८४चा जेट सेट विली. नायक तोच, विली, आणि उडीही त्याच स्वभावाची. एकदा पाय सुटला की कमान ठरलेली, हवेत दिशा बदलायची सोय नाही. पडद्यावरच्या साधारण चार चौकटींपेक्षा जास्त खाली पडलात की जीव गेला.

एक गोष्ट मात्र आधीच माहीत असलेली बरी. फिरत्या शत्रूंशी टक्कर ठिपक्याला ठिपका लागला तरच धरतात, त्यामुळे त्यांना अगदी चाटून जाता येतं. झुडपं, काटे अशा स्थिर वस्तूंचं तसं नाही. तिथे आठ बाय आठ ठिपक्यांची अख्खी चौकट विषारी असते. डोळ्यांना फट दिसते, तरी विली मरतो. पहिल्याच गुहेत ‘लागलंच नव्हतं’ असं ओरडणारे बहुतेक इथेच फसलेले असतात. स्थिर वस्तूवरून उडताना निम्मी चौकट आधी पाय उचलायचा, एवढाच उपाय.

मॅनिक मायनरमध्ये वीस गुहा आहेत, क्रम ठरलेला, जीव तीन. सगळ्या वस्तू गोळा करा आणि हवा संपायच्या आत दार गाठा. अवघड आहे, पण प्रत्येक गुहा म्हणजे पाठ करायचं एक कोडं. पाचव्या गुहेत शेवटची वस्तू उचलली की युजीन नावाचा शत्रू खाली येऊन दाराशीच ठाण मांडतो. म्हणून शेवटची म्हणून दाराला सर्वांत जवळची वस्तू ठेवायची. एकोणिसाव्या गुहेत प्रकाशाचा झोत अंगावर पडला की हवा भराभर उतरते. तिथे वाट जवळची आहे की लांबची यापेक्षा ती झोतात किती वेळ ठेवते हे पाहावं. चौदाव्या गुहेत वरून स्कायलॅब कोसळतात. १९७९ साली स्कायलॅब हे अमेरिकी अंतराळस्थानक ‘आपल्यावरच पडणार’ म्हणून आभाळाकडे बघत बसलेल्या पिढीला त्याची गंमत वेगळी सांगायला नको.

जेट सेट विलीचं आकर्षण वेगळं आणि खरं सांगायचं तर मोठं. साठ खोल्यांचा वाडा, कुठूनही कुठे जा, ८३ वस्तू गोळा करा, मगच घर सांभाळणारी मारिया बिछान्याकडे जाऊ देते. भटकण्याची हौस असेल तर याला तोड नाही. शिवाय मेल्यावर गोळा केलेल्या वस्तू जात नाहीत. कागदावर हाच गेम जास्त दयाळू वाटतो.

पण घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. मेल्यावर विली खोलीच्या सुरुवातीला येत नाही, ज्या जागी आणि ज्या स्थितीत खोलीत शिरला तिथेच परत उभा राहतो. उंचावरून पडत खोलीत शिरलात, तर परत येतानाही पडतच येतो. पुन्हा मरतो, पुन्हा पडतो. सुरुवातीचे आठ जीव एका चुकीत, काही सेकंदांत खलास, आणि तोवर तुमच्या हातात काहीच नसतं. अमर्याद जीवांचा पोक, म्हणजे मेमरीतल्या एका पत्त्यावर थेट लिहायचा आकडा (३५८९९,०), टाकला असेल तर हे चक्र थांबतच नाही. गेम बंदच करावा लागतो. मॅनिक मायनर मात्र मेल्यावर गुहा पहिल्यापासून मांडून देतो. चूक एक, शिक्षाही एक. माझ्यापुरता तराजू इथेच झुकला. वाड्याच्या भव्यतेपुढे कोणाला ही कुरकुर किरकोळ वाटेल, तेही समजण्यासारखं आहे.

त्यात मूळ जेट सेट विली पूर्ण करताच येत नव्हता. माळ्यावरचा एक बाण मेमरीत भलत्याच जागी लिहितो आणि एकदा माळ्यावर जाऊन आलात की इतर काही खोल्या बिघडतात. नवा डाव मांडूनही त्या सुधारत नाहीत, गेम परत लोड करावा लागतो. हे मुद्दाम केलंय, असं प्रकाशकांनी आधी सांगून पाहिलं; मग दुरुस्तीचे पोक आले. एम्युलेटरवर, म्हणजे जुना संगणक आजच्या यंत्रावर चालवणाऱ्या प्रोग्रामवर, खेळत असाल तर सुरुवातीलाच हे चार टाका: ५९९०१,८२, ५६८७६,४, ४२१८३,११, ६०२३१,०. स्नॅपशॉट, म्हणजे खेळाची त्या क्षणाची जपलेली स्थिती, खोलीत शिरल्यावर नव्हे, आधीच्या खोलीत पाय जमिनीवर असताना घ्यावा. पडताना घेतलेला स्नॅपशॉट म्हणजे मरणच जपून ठेवणं.

तेव्हा आधी मॅनिक मायनर, असं सुचवेन. सरावासाठी मूळ प्रकाशक बग-बाइटच्या आवृत्तीत खेळ चालू असताना ६०३१७६९ टाइप करा, खाली बूट दिसेल. मग १ ते ५ या कळा दाबून धरून ६ दाबायची. कळांच्या किमती अनुक्रमे १, २, ४, ८, १६, आणि गुहा शून्यापासून मोजायच्या. युजीनसाठी ३ धरून ६. स्कायलॅबसाठी १, ३ आणि ४ एकत्र धरून ६. काही कीबोर्ड एवढ्या कळा एकदम ओळखत नाहीत, तेव्हा जमलं नाही तर आधी कीबोर्ड बदलून बघा.