बॉक्स्टर ९८७ : रत्नागिरीतल्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

बॉक्स्टर ९८७ म्हणजे पोर्शची उघडत्या छपराची दोन सीटची स्पोर्ट्स कार. इंजिन, पॉवर, हँडलिंग सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो. विषय डॅशबोर्डवरच्या इशाऱ्याच्या दिव्यांचा. २००६ चं मॉडेल, मुक्काम समुद्राकाठी. भर पावसात एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), पीएसएम (गाडी घसरण्यापासून सावरणारी), एअरबॅग आणि चार्जिंग, चारही दिवे एकदम पेटले. वर्कशॉपने गाडी न बघता फोनवरच निकाल दिला : एबीएस मॉड्यूल, म्हणजे त्याचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल, गेलं, बदला.

चार यंत्रणा एकाच मिनिटाला मरत नसतात. त्यांच्यात सामाईक गोष्ट एकच, वीजपुरवठा. गाडीला जोडायच्या स्कॅनरवर बिघाडाच्या कोडची रांग लागते; पण बहुतेक मॉड्यूलमध्ये व्होल्टेज कमी असल्याचा कोड दिसला की बाकीचे तूर्त बाजूला ठेवा आणि साधा मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) काढा.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट हवेत, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन, हेडलाइट, ब्लोअर चालू असताना १३.८ ते १४.४. इथे १२.९. एवढं बघून लोक अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) बदलून मोकळे होतात. बदलू नका, आधी अल्टरनेटरच्याच बी-प्लस बोल्टवर (वीज बाहेर पडते तो), दुसरं टोक त्याच्या बॉडीला लावून मोजा. तिथे चक्क १४.२ मिळाले! म्हणजे माल तयार होतोय, वाटेत गळतोय.

इंजिन सीटमागे, बॅटरी पुढच्या डिकीत. मीटरची वायर पुरत नाही, तीनेक मीटर जादा वायर जोडा. एक टोक इंजिन ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, लोड चालूच. ०.२ व्होल्टपर्यंतची गळती चालते. इथे १.१! इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी, करंट बॅटरीकडे परत जातो ती, वरून धडधाकट, बोल्ट काढला तर खाली हिरवी पूड. खारी हवा, दुसरं काय.

आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. दोन्ही जागा पत्रा चकाकेपर्यंत घासा. नवी पट्टी हातखंब्याकडे ट्रकची कामं करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली तरी चालते : ३५ चौरस मिमी तांबं, टोकं क्रिम्प केलेली (दाबून बसवलेली). ग्रीस बोल्ट आवळल्यावर वरून, मध्ये नाही. नंतर बॅटरीवर १४.१. एअरबॅगचा दिवा आपोआप जात नाही, कोड स्कॅनरनेच पुसावा लागतो.

एवढ्या स्वस्तात सुटल्यावर गाडीबद्दलचं मत सुधारलं. पुढच्या डिकीबद्दलचं मात्र नाही, आणि सुधारणारही नाही. ती उघडते विजेवर आणि बॅटरी तिच्याच आत! बॅटरी मेली तर पायाजवळच्या फ्यूज बॉक्समधला लाल टर्मिनल पक्कडीने बाहेर ओढायचा, दुसऱ्या बॅटरीचं प्लस त्याला, मायनस दाराच्या धातूच्या भागाला, मग डिकीचा खटका. गाडी लॉक असेल तर भोंगा अख्ख्या आळीला उठवतो. हे ज्याने ठरवलं त्याला आषाढात एकदा करायला लावलं पाहिजे.

छताची ड्रेन होलंही पावसाआधी बघा. छप्पर अर्धं उघडून थांबवलं की दोन्ही बाजूंना दिसतात. आंब्याचा पाला आणि तांबडी माती मिळून पक्का बूच तयार होतो, पाणी सीटखाली उतरतं. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका, आतला पाइप निसटतो. पातळ नायलॉनची दोरी घाला, मग तांब्याभर पाणी ओतून ते खाली टपकतंय का बघा.