दुर्बीण की टाके, एवढेच मला विचारले गेले
कर्करोगाची भीती घालून गर्भाशयाची पिशवी काढण्याचा धंदा कसा चालतो, हे मराठवाड्यात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण 2019 मध्ये गाजले, तेव्हा त्या बातम्या शाळेत मधल्या सुट्टीत मीच सहकाऱ्यांना वाचून दाखवल्या होत्या. असे अडाणी आणि अडलेल्या बायकांच्या बाबतीत घडते, अशी माझी समजूत होती. मी पदवीधर शिक्षिका, वय 41, आणि माझी फसवणूक 1,02,640 रुपयांना झाली.

सहा महिने पाळीत अंगावरून फार जात होते. रक्ततपासणी करणाऱ्या ओळखीच्या बाईने तालुक्यातील एका खासगी रुग्णालयाचे नाव सुचवले आणि ती स्वतः सोबत आली. तिला त्यापोटी 6,000 रुपये मिळाले, हे पुढे तिनेच माझ्या जाऊबाईंना सांगितले. सोनोग्राफीच्या अहवालात गर्भाशयात 2.8 सेंटिमीटरची गाठ आणि ‘दोन्ही अंडाशय सामान्य’ असे स्पष्ट लिहिलेले होते. तो कागद माझ्या हातात होता आणि मला वाचता येत होते.

मी गोळ्यांबद्दल विचारले, तेव्हा डॉक्टर हसले. गोळ्या खात बसलात तर गाठीचा कर्करोग होईल, असे म्हणून त्यांनी कागदावर दोन आकडे लिहिले: टाक्याचे, म्हणजे पोट उघडून, 45,000; दुर्बिणीचे, म्हणजे लहान छिद्रांतून, 85,000. दुर्बिणीने केले की तिसऱ्या दिवशी घरी जाता येते, व्रण दिसत नाही, वगैरे त्यांनी इतके व्यवस्थित समजावले की आपल्याला सर्व पर्याय सांगितले जात आहेत, असेच मला वाटले. पिशवी कशी काढायची हे ते विचारत होते. काढायची का, हा प्रश्न त्या खोलीत कोणी काढलाच नाही. दुर्बिणीचे डॉक्टर उद्याच येणार, नंतर महिनाभर नाहीत, म्हणून 30,000 आजच भरा, असे सांगितले तेव्हा तरी मी उठायला हवे होते. उलट मी घासाघीस करून 85,000 चे 80,000 केले आणि पाच हजार वाचवले म्हणून घरी येईपर्यंत खूश होते. हे आठवले की आजही अंगाचा तिळपापड होतो.

माझी बाजूही सांगते. हिमोग्लोबिन 8.1 वर आले होते, यजमान बाहेरगावी होते, आणि कर्करोग हा शब्द कानावर पडल्यावर शिक्षण कामाला येत नाही. संमतीपत्रावर मी सही केली तेव्हा त्यातील अर्ध्या जागा रिकाम्या होत्या. कोऱ्या कागदावर सही करू नका, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आले आहे.

शुद्धीवर आले तेव्हा ओटीपोटावर पाच इंचांची टाक्यांची रांग होती. ‘आत चिकटलेले होते, उघडावे लागले’, एवढेच उत्तर मिळाले. दुर्बिणीने सुरू केलेले ऑपरेशन कधीकधी उघडावे लागते, हे मान्य; परंतु घरी सोडतानाच्या कार्डावर चिकटल्याचा उल्लेख नव्हता आणि बिल मात्र दुर्बिणीचेच होते. औषधांचे 17,640, तपासण्यांचे 3,200 आणि काढलेली पिशवी तपासण्याचे 1,800 वेगळे. त्या शेवटच्या अहवालातूनच मला कळले की दोन्ही अंडाशयही काढले आहेत. गाठ साधी होती, अंडाशय निरोगी होते.

अंडाशय गेल्यामुळे आता रात्री घामाने उशी भिजते. शासकीय रुग्णालयातील डॉक्टर बाईंनी नंतर जे सांगितले, ते आधी कोणी सांगितले असते तर! अशी गाठ कर्करोगात बदलणे अत्यंत दुर्मीळ असते. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचे संप्रेरकाचे साधन, गरज पडल्यास फक्त गाठ काढणे, हे सारे पिशवीच्या आधी येते. काढावीच लागली तर अनेकदा पोटाला चीर न देता योनीमार्गे काढता येते, आणि पाळी जाण्याआधी निरोगी अंडाशय सबळ कारणाशिवाय काढत नाहीत, कारण हाडे आणि हृदय दोन्हींना त्याची किंमत मोजावी लागते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या, तेही मध्यस्थाने नेलेल्या ठिकाणी नव्हे.

तक्रारीची कथा याहून लाजिरवाणी आहे. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रे द्यावीत असा नियम असताना मला ती 41 दिवसांनी मिळाली, आणि संमतीपत्रावर ‘अंडाशयांसह’ हा शब्द वेगळ्या शाईत होता. पोलीस म्हणाले, आधी वैद्यकीय समितीचे मत आणा. शल्यचिकित्सक कार्यालय म्हणाले, आधी पोलिसांचे पत्र आणा. या दोन दारांमध्ये मी नऊ रजा घालवल्या. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सर्व राज्यांना बजावले आहे. त्यातील जिल्हा समितीबद्दल विचारले, तर लिपिकाने मलाच विचारले की ती कुठे बसते. एका अधिकाऱ्याने तर, ‘मुले झाली आहेत ना, मग पिशवीचे काय करायचे होते?’ असे माझ्या यजमानांकडे बघून विचारले. मी समोरच बसले होते.

ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावे लागते, म्हणून औषधाची चिठ्ठीसुद्धा टाकू नका. दिल्लीतील एका महिलेचे गर्भाशय आणि अंडाशय संमतीविना काढले गेले होते. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले की तपासणीसाठी दिलेली संमती अवयव काढण्यासाठी वापरता येत नाही. त्या निकालाची प्रत मी अर्जाला जोडली आहे. पतसंस्थेचे 60,000 रुपयांचे कर्ज अजून फिटायचे आहे आणि रुग्णालयाबाहेर ‘दुर्बिणीद्वारे बिनटाका’ हा फलक तसाच आहे.