'आजन्म शुश्रूषा' ठेव : 12,75,000 रुपये गेले, हातात बिनकामाचं मुखत्यारपत्र

एकरकमी ठेव घेऊन आजन्म शुश्रूषेचं वचन देणाऱ्या योजना कशा चालतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. योजना विकायला आलेला गोड बोलणारा मुलगा, गुळगुळीत माहितीपत्रक, 'महिनाअखेरीला दर बदलणार' ही घाई. ते उगाळत नाही. आकडे तेवढे लिहून ठेवते: ठेव 12,00,000, नोंदणी 35,000, 'कायदेशीर कागदपत्रं' 40,000. बदल्यात ह्यांना (स्मृतिभ्रंश, निदान झालं तेव्हा पहिला टप्पा) शेवटपर्यंत चोवीस तास माणूस आणि मागाहून ठेव परत. माणूस काही महिने आला. मग फोन बंद, कार्यालयाला कुलूप.

'इतकी शिकलेली बाई फसली कशी' असं तोंडावर विचारणारे भेटतात. त्यांना गोव्याचा कायदा माहीत नसावा. इथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक, निम्मी-निम्मी. एकाच्या संमतीवाचून दुसऱ्याला घर किंवा भाट (बागायतीची जमीन) विकता येत नाही. पोर्तुगीज काळापासूनच्या ह्या नियमाने कितीतरी बायकांचं छप्पर राखलं. पण नवऱ्याचं भान गेलं की तोच नियम बायकोला अडकवतो, कारण संमती देणार कोण? शुश्रूषेच्या खर्चासाठी भाट विकायचं म्हटलं तरी सही हवीच. ही भीती खोटी नव्हती. त्या मुलाने ती नेमकी हेरली आणि औषध म्हणून आपल्या वतीने दुसऱ्याला सह्या करू देणारी जनरल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी विकली. '40,000 द्या, कागद जन्मभर चालतो.'

चालत नाही! भारतीय करार कायदा 1872, कलम 201: मुखत्यारपत्र देणाऱ्याची मनःस्थिती बिघडली, व्यवहार समजेनासा झाला, की मुखत्यारी आपोआप संपते. काही देशांत भान गेल्यावरही टिकणारी मुखत्यारपत्रं असतात, आपल्याकडे ती सोय नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला त्याच दिवशी तो रद्दी. बँकेच्या मॅनेजरने तो वाचून परत केला, आणि त्याचं बरोबरच होतं. नोटरीचा शिक्का पाहून हुरळू नका. शिक्का सही कोणाची ते सांगतो, कलम 201 पुसत नाही.

आता ती जागा, जी आठवली की अजून जीव जळतो. आरटीजीएसच्या फॉर्मवर पैसे घेणाऱ्याचं नाव माहितीपत्रकावरच्या संस्थेचं नव्हतंच, एका भलत्याच एकल मालकीच्या धंद्याचं होतं. 'ते आमचं हिशेबाचं खातं' असं उत्तर मिळालं. पावतीवर 'ठेव' हा शब्द नाही, 'सेवेपोटी आगाऊ रक्कम' असं छापलेलं. हा नुसता शब्दांचा खेळ नाही. अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा 2019 नुसार रोख परत देईन म्हणून घ्या की सेवा देईन म्हणून, परवान्याशिवाय अशी ठेव घेणं गुन्हा आहे. म्हणून पावतीतून ठेवच नाहीशी करायची.

आणि गणित! 12,00,000 बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 84,000, महिन्याला 7,000. त्यांच्याच दरपत्रकात चोवीस तासांच्या माणसाचे महिना 28,000. म्हणजे मुद्दल खाल्लं तरी चारेक वर्षांत खडखडाट, मग 'आजन्म' कुठून आणि 'ठेव परत' कुठून? कागद-पेन्सिलीचं काम होतं. पण चार रात्री झोप नसलेल्या घरात कागद-पेन्सिल कोण घेतो, ते विचारणाऱ्यांनी एकदा तसल्या घरात राहून पाहावं.

कार्यालयांची तऱ्हा वेगळीच. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: 'बाई, ही दिवाणी बाब.' का म्हणून? भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम 318 खाली, विश्वासघात 316 खाली. ठाण्याने तक्रार नोंदवली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे तीच लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. हे मला ठाण्यात कोणी सांगितलं नाही. दुसरीकडे ज्येष्ठ नागरिकांच्या न्यायाधिकरणाकडे बोट. ते 2007 च्या कायद्याचं, मुलांकडून किंवा वारसदार नातेवाइकांकडून पोटगी मागण्याचं ठिकाण, ठेवी बुडवणाऱ्यांना ते काय करणार? तिसरीकडे 'नॅशनल ट्रस्टचा पालक दाखला आणा'. तो 1999 चा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी, त्यात स्मृतिभ्रंश बसत नाही. खुर्चीत बसलेल्याला आपल्याच भिंतीवरचा फलक वाचता येऊ नये? मानसिक आरोग्य कायदा 2017 खाली प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांपुरता, पैशांपुरता नाही. भान गेल्यावर मिळकतीसाठी उरतो न्यायालयाचा रस्ता. उच्च न्यायालयांनी रिट याचिकेवर बायकोला नवऱ्याची पालक नेमल्याचे निकाल आहेत. वैद्यकीय मंडळाचा अहवाल, मुलांची ना-हरकत आणि मिळकतीची यादी तयार ठेवा.

म्हणून जे करायचं ते माणूस शुद्धीत असताना. खाती दोघांच्या नावे, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो चालवील). मुदत ठेवीला मुदतीआधी मोडण्याची मुभा फॉर्मवर वेगळी लिहून घ्या, ती आपोआप मिळते असं धरून चालू नका. हात थरथरतो म्हणून सही जुळत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. बँक नाही म्हणाली तर लेखी नकार मागा, मग सूर बदलतो. गोव्यात मृत्युपत्र घरच्या कागदावर नको, उपनिबंधकांकडे करा. मुलं असतील तर आपल्या वाट्यातला निम्माच मर्जीने देता येतो, तेव्हा 'सगळं बायकोच्या नावे करून देतो' म्हणणारा वकील तिथेच सोडा. महत्त्वाच्या सहीच्या दिवशीच डॉक्टरांचा 'समजून सही करण्यास सक्षम' असा दाखला घ्या, आदल्या महिन्याचा नव्हे.

आणि पैसे गेलेच असतील तर पावती, यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्यावर बँक देते तो), माहितीपत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, काही पुसू नका. पोलीस हलोत न हलोत, जिल्हा ग्राहक आयोगात जा. 50 लाखांपर्यंतच्या मोबदल्याची तक्रार तिथेच चालते, 10 ते 20 लाखांना शुल्क फक्त 400 रुपये. मुदत दोन वर्षांची, आणि 'पुढच्या महिन्यात परत करतो' असं सांगणाऱ्याला ती पक्की पाठ असते.