बोहेमियन ऱ्हॅप्सडी की रॉकेटमॅन: आधी कोणता बघाल?

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीवरचा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ २०१८चा, पियानो वाजवत गाणाऱ्या एल्टन जॉनवरचा ‘रॉकेटमॅन’ २०१९चा. पहिल्याचं शूटिंग सुरू असतानाच दिग्दर्शक ब्रायन सिंगरला काढलं गेलं आणि उरलेलं काम डेक्स्टर फ्लेचरने पूर्ण केलं. दुसरा सिनेमा सबंध फ्लेचरचाच. जॉन रीड हा मॅनेजरही दोन्हींत भेटतो, कारण प्रत्यक्षातही त्याने क्वीन आणि एल्टन या दोघांचं काम पाहिलं होतं. तरी दोन्ही सिनेमे बघून उठताना मन अगदी वेगळ्या जागी असतं.

क्वीनची गाणी तोंडपाठ असतील तर फार विचार करू नका, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ लावा. १३ जुलै १९८५ची वेम्बली स्टेडियममधली ‘लाइव्ह एड’ ही दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीची मैफल त्यात जवळजवळ जशीच्या तशी उभी केली आहे. पियानोवर ठेवलेले पेप्सीचे कागदी ग्लाससुद्धा सुटलेले नाहीत. रामी मालेकची मान, खांदे, माइकचा दांडा फिरवण्याची पद्धत, सगळं फ्रेडीचं वाटतं. ऑस्कर त्याला उगाच मिळालं नाही. आवाज मात्र बहुतेक ठिकाणी खुद्द फ्रेडीचाच आहे.

माझी तक्रार कथेबद्दल आहे. लाइव्ह एडच्या आधी बँड फुटला होता आणि फ्रेडीने एड्सच्या आजाराची बातमी तालमीत सांगितली, असं सिनेमा दाखवतो. बँड तेव्हा फुटलेला नव्हता. १९८४मध्ये त्यांचा अल्बम आला होता, दौराही चालू होता. आजाराचं निदानही लाइव्ह एडनंतरचं. एका माणसाच्या जीवघेण्या आजाराच्या निदानाची तारीख नाट्यासाठी आधी ओढणं मला आजही खटकतं. शिवाय फ्रेडी म्हणजे मूळचा फारुख बलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला आणि तिथेच ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये पियानो वाजवू लागला. कथा थेट १९७०च्या लंडनमध्ये सुरू होते, त्यामुळे ती वर्षं पडद्यावर येतच नाहीत. आपल्याकडच्या चाहत्याला ही उणीव जास्तच जाणवते.

‘रॉकेटमॅन’ तपशिलांची पर्वाच करत नाही. संगीत नाटकात पात्राला बोलणं पुरेनासं झालं की पद येतं, तशी इथे गाणी येतात. ती कोणत्या साली निघाली याचा हिशेब नाही. लॉस एंजेलिसच्या ट्रूबाडूर क्लबमधल्या १९७०च्या मैफलीत एल्टन ‘क्रोकोडाइल रॉक’ गातो, जे गाणं १९७२चं. पियानो वाजवता वाजवता त्याचे पाय मागे हवेत उचलले जातात आणि पाठोपाठ सगळे प्रेक्षक जमिनीपासून वर तरंगतात. त्या रात्री काय वाटलं असेल, हे मला त्या काही सेकंदांत कळलं. एल्टन झालेला टॅरन एजर्टन त्याच्या वाट्याची गाणी स्वतः गायला आहे. व्यसन, आईवडिलांचा कोरडेपणा, गीतकार बर्नी टॉपिनशी असलेली मैत्री, यातलं काहीच गुळगुळीत केलेलं नाही, आणि तेही एल्टन स्वतः निर्मात्यांमध्ये असताना.

म्हणून एकच बघायचा असेल तर मी ‘रॉकेटमॅन’ म्हणेन, एल्टनचं एकही गाणं माहीत नसलं तरी. आईबाबा किंवा मुलं सोबत असतील तर मात्र ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च बरा, दुसऱ्यात ड्रग्ज, शिव्या आणि शय्यादृश्यं उघडपणे आहेत. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ बघितलात तर लगेच खऱ्या लाइव्ह एडचं चित्रीकरणही लावा. थिएटरमधल्या आवृत्तीतून ‘वी विल रॉक यू’ आणि ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ वगळली होती. मूळ एकवीस मिनिटांत ती दोन्ही आहेत.