डच जोडशब्द कुठे तोडायचा: कानाने की अर्थाने?

ओळीच्या शेवटी डच शब्द मोडायचा, तर दोन वाटा दिसतात. एक उच्चाराची. दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या अवयवाकडे (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याकडे) जातं: ‘वा-तर’ (पाणी), ‘का-मर’ (खोली). साध्या शब्दांना एवढं पुरतं.

दुसरी वाट घटकांची, आणि जोडनामांना अधिकृत लेखनात तीच लागते. ‘आवोंत’ (संध्याकाळ) आणि ‘एतन’ (जेवण) यांचं ‘आवोंतएतन’ म्हणजे रात्रीचं जेवण. पहिल्या घटकाच्या शेवटी लिहितात ‘द’, बोलतात ‘त’. कानाच्या नियमाने तो ‘द’ पुढच्या ओळीत गेला असता. पण शब्दान्ती कठोर झालेला तो उच्चारच सांगतो की सांधा इथे आहे. आपल्या ‘देवालया’त दोन स्वर मिसळून जातात, डचमध्ये घटक आपली हद्द सोडत नाहीत. स्वरांची टक्कर झालीच तर मध्ये आडवी रेघ येते: ‘झे-एंत’, समुद्री बदक. 1995 च्या शुद्धलेखन सुधारणेआधी इथे स्वरावर दोन टिंबं देत.

माझा कौल घटकांना. अडचण एकच: आधी अर्थ कळावा लागतो. ‘फाल-कौल’ म्हणजे सापळ्याचा खड्डा. तीच अक्षरं ‘फाल्क-औल’ अशी तोडली की ससाणा-घुबड! ‘क्वार्त-स्लाखन’ म्हणजे पाव फेरे, ‘क्वार्त्स-लाखन’ म्हणजे गारगोटीचे थर. इथे दोन्ही अर्थ खरोखर शक्य आहेत, त्यामुळे निव्वळ नियमांवर चालणारं यंत्र हमखास अडतं.